भूल उतरल्यावर सासूबाई ओळखतील ना?

प्रश्न थोडक्यात असा. 76 वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, उजव्या खुब्याचं हाड मोडलं, एक-दोन दिवसांत ऑपरेशन आहे. ओळखीतल्या एका आजोबांना अशाच ऑपरेशननंतर चार दिवस घरची माणसं ओळखू येत नव्हती. त्यामुळे घरात कुणी म्हणतंय, पूर्ण भूल नकोच, कमरेतून इंजेक्शन द्या, नाहीतर डोकं कायमचं मंद होतं. त्यावर तुमची शंका: भूल म्हणजे गाढ झोपच ना, मग झोपेने कुणाची स्मरणशक्ती कशी जाईल? शेवटी जाता जाता लिहिलंय की त्यांना कमी ऐकू येतं, चष्मा आहे, रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात.

तुम्ही सहज लिहून टाकलेलं ते शेवटचं वाक्य भूलतज्ज्ञाच्या लेखी सगळ्यात कामाचं आहे. त्याकडे येतोच, पण आधी झोप आणि भूल यांची फारकत करू.

ऑपरेशनच्या टेबलावर आम्हीच पेशंटला सांगतो, ‘आता छान झोप लागेल हं.’ धीर द्यायला बरं पडतं, पण ते खरं नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारली, हलवलं की तो उठतो. शिवाय झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन, अशी रात्रीत चार-पाच. पहिल्या दोन आवर्तनांत गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. गाढ झोपेत मेंदूच्या पृष्ठभागावर सेकंदाला एखादी अशी संथ, उंच लाट चालते. त्या लाटेच्या चढावर मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागातून अर्धा-एक सेकंदाच्या, 12 ते 15 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या) लहरींच्या छोट्या लडी येतात आणि त्याच सुमारास हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, दिवसभरातल्या नोंदी भराभर पुन्हा वाजवून बाहेरच्या थरांकडे पाठवतो. दुकान बंद झाल्यावर आत बसून दिवसाची कच्ची वही खतावणीत उतरवावी, तसं ते काम असतं. बाहेरून शटर खाली, आत दिवा चालू.

भुलीत आतलाही दिवा बंद असतो. प्रोपोफॉल, म्हणजे ते दुधासारखं पांढरं औषध, गाबा नावाच्या रसायनाचा ब्रेक जोरात दाबतं. कपाळावरच्या पट्टीतून लहरी पाहिल्या तर संथ लाट आणि तिच्यावर 8 ते 12 हर्ट्झची एकसुरी लहर, एवढंच तासभर चालू दिसतं. आवर्तनं नाहीत, नोंदी उतरवणं नाही. मात्रा आणखी वाढली तर लहरी मध्येच सपाट होतात, मग एक उसळी, पुन्हा सपाट. निरोगी मोठ्या माणसाच्या झोपेत असं कधीच होत नाही. तेव्हा भुलीला औषधाने आणलेला आणि औषध थांबवलं की परत फिरणारा कोमा म्हणणं जास्त बरोबर. म्हणून तर झोपेतून उठलेल्याला ‘बराच वेळ गेला’ हे आपोआप जाणवतं आणि भुलीतून उठलेला विचारतो, ‘अजून सुरू नाही केलं?’

दुसरी गोष्ट, भूल म्हणजे एक बटण नव्हे. आठवण नोंदवणं, शुद्धीत असणं, वेदनेला शरीराने प्रतिक्रिया देणं आणि हालचाल या चार गोष्टी वेगवेगळ्या मात्रांना बंद होतात. सेव्होफ्लुरेन हा श्वासातून द्यायचा भुलीचा वायू घ्या. चाळिशीच्या माणसाच्या उच्छ्वासात त्याचं प्रमाण सुमारे 2 टक्के असेल, तर त्वचेवर काप घेतला तरी दहापैकी पाच जण हलत नाहीत. हाकेला ओ देणं त्याच्या साधारण एक तृतीयांशालाच थांबतं. नवीन आठवण नोंदवणं त्याहूनही कमी प्रमाणात बंद पडतं. हिप्पोकॅम्पस या औषधांना फार लवकर नमतो.

म्हणजे आठवण जाते सगळ्यात आधी आणि परत येते सगळ्यात शेवटी. ऑपरेशननंतर रिकव्हरीच्या खोलीत सासूबाई डोळे उघडतील, नाव सांगतील, ‘झालं का?’ विचारतील. तुम्ही सांगाल ‘झालं’. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न येईल, आणि बाहेर आणल्यावर पुन्हा. शुद्ध आली आहे, नोंदवही अजून उघडलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्याने घाबरू नका.

याच्या उलटही होतं, आणि ते आमच्या क्षेत्राबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवला तर ते औषध त्या हातात पोचत नाही. पेशंट बाकी निपचित असला तरी तो हात हलवू शकतो. ही युक्ती टनस्टॉल यांनी 1977 मध्ये मांडली. 2017 मध्ये अनेक देशांत मिळून 260 जणांवर ती वापरून पाहिली, तेव्हा श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर 12 जणांनी ‘हात दाबा’ म्हटल्यावर हात दाबला. नंतर आठवण ठेवून सांगणारे मात्र अगदी क्वचित सापडतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीत जाग आल्याची आपणहून केलेली तक्रार सुमारे 19,000 पूर्ण भुलींमागे एक इतकीच होती. शुद्ध आणि आठवण या दोन वेगळ्या तारा आहेत, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

आता कमरेतली भूल की पूर्ण भूल. कमरेत, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या फटीतून बारीक सुई आत जाते. पाण्यासारखा द्रव आला की दोन-अडीच मिलिलिटर ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो आणि दोन ते चार तास तसा राहतो. औषध मेंदूपर्यंत जात नाही, म्हणून मेंदू सुरक्षित, हा हिशोब कागदावर पटतो. प्रत्यक्षात तो जुळत नाही. 2021 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 1,600 खुबेमोड झालेल्या पेशंटांत कमरेतली आणि पूर्ण भूल चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली. ऑपरेशननंतर भ्रम (त्या आजोबांसारखा तात्पुरता गोंधळ) झालेल्यांचं प्रमाण एका गटात 20.5 टक्के, दुसऱ्यात 19.7, म्हणजे फरक नाही. पुढच्याच वर्षी चीनमध्ये 65 वर्षांवरच्या 950 जणांच्या चाचणीतही फरक निघाला नाही.

तेव्हा या मुद्द्यावर भूलतज्ज्ञाशी हुज्जत घालू नका. निवड करायची ती इतर कारणांवर. हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर कमरेच्या भुलीने रक्तदाब अचानक कोसळू शकतो. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कण्यात रक्त साचायची भीती, त्यामुळे तिथे सुई सहसा घालत नाहीत. नुसती कमी मात्रेची अॅस्पिरिन असेल तर एवढी अडचण नसते. उलट छातीत खूप कफ असेल, दमा असेल तर कमरेतली बरी. कमरेतली भूल ठरलीच तर एवढं मात्र जरूर सांगा की सोबत झोपवायचं औषध शक्य तितकं कमी द्या. कमरेत इंजेक्शन देऊन वर शिरेतून इतकं झोपवायचं की पेशंट घोरतोय, म्हणजे ती अर्धी पूर्ण भूलच झाली.

पूर्ण भूल दिली तर म्हाताऱ्या शरीरात चुकतं कुठे, तेही सांगतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना भुलीच्या वायूची गरज सुमारे 6 टक्क्यांनी घटते, म्हणजे सासूबाईंना जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी लागेल. प्रोपोफॉलचंही तसंच. तरण्या माणसाला किलोमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे 45 किलोला 90 मिलिग्रॅम. 76व्या वर्षी 40-50 पुरतं. त्यातही या वयात रक्त सावकाश फिरतं, औषध हातातून मेंदूत पोचायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात डोळे मिटले नाहीत म्हणून घाईने आणखी दिलं की मिनिटाभरात दोन्ही मात्रा एकदम लागू होतात आणि वरचा रक्तदाब 70 पर्यंत उतरतो. अनुभवी माणूस इथे सिरिंज हातात धरून नुसता थांबतो.

कपाळावर पट्टी लावून लहरी मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. त्यावरचा भुलीची खोली दाखवणारा आकडा 40 ते 60 च्या दरम्यान ठेवतात. पण पट्टी लावली की भ्रम टळला असं नाही. 2019 मध्ये 1,200 हून अधिक वयस्कर पेशंटांवर अमेरिकेत हे तपासलं. लहरी पाहून भूल हलकी ठेवलेल्या गटात भ्रम 26 टक्के, नेहमीच्या पद्धतीने भूल दिलेल्यांत 23 टक्के. त्यामुळे रुग्णालयात हे यंत्र नाही म्हणून रुग्णालय बदलायला धावू नका. मोडलेला खुबा घेऊन दिवस काढणं जास्त महाग पडतं. शक्य असेल तर 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं.

मग त्या आजोबांना झालं होतं काय? तुमच्या वर्णनावरून डिलिरियम, मराठीत भ्रम किंवा वात. तो बहुतेक पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो आणि संध्याकाळी-रात्री वाढतो. सकाळी माणूस अगदी नीट बोलतो आणि रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकतो. आठवणी पुसल्या गेलेल्या नसतात. लक्ष टिकवण्याची यंत्रणा ढासळलेली असते, आणि ज्याकडे लक्षच टिकत नाही त्याची नोंद व्हायची कशी? मोडलेल्या हाडामुळे शरीरभर पसरलेला दाह, दुखणं, दुखण्यावरची मॉर्फिनच्या जातीची औषधं, अनोळखी खोली, दोन-तीन रात्रींचं जागरण, हे सगळं आधीच काठावर असलेल्या मेंदूवर एकदम येऊन पडतं. भूल त्यातला एक वाटेकरी, बहुधा लहानच.

ओळखायची घरगुती पद्धत सोपी आहे. महिने उलटे म्हणायला सांगा. जानेवारी-फेब्रुवारी नको, या पिढीतल्या पुष्कळ बायकांना आपले महिने जास्त पाठ असतात. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, असं म्हणता आलं पाहिजे. तेही अवघड वाटत असेल तर वार उलटे. ऑपरेशनच्या आधी एकदा म्हणवून घ्या आणि कुठवर नीट येतंय ते लिहून ठेवा. नंतर रोज सकाळ-संध्याकाळ पुन्हा. काल सात महिने सांगणारी बाई आज ‘फाल्गुन, माघ...’ म्हणून खिडकीबाहेर बघत बसली, तर नर्सला सांगा. आरडाओरडा करणारा, सलाईन उपसणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. गप्प भ्रम कुणाला दिसत नाही. दिवसभर डोळे मिटून पडलेली, दोन घास खाऊन ताट सरकवणारी, विचारलं तर ‘हं’ म्हणणारी म्हातारी पाहून नातेवाईक म्हणतात, ‘किती शांत झोपल्यात!’ हाच प्रकार जास्त आढळतो आणि उशिरा लक्षात येतो.

तो कायम राहतो का? बहुतेकांत काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात. 60 वर्षांवरच्या पेशंटांच्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, हृदय सोडून इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर आठवड्याने स्मृती-लक्षाच्या चाचण्यांत घसरण दिसली 25.8 टक्क्यांत, तीन महिन्यांनी 9.9 टक्क्यांत. ऑपरेशन न झालेल्या तशाच वयाच्या लोकांत तीन महिन्यांनी 2.8. म्हणजे धोका आहे, पण ‘भूल दिली की डोकं गेलं’ इतका सरसकट नाही. ज्यांचं विसरणं आधीच सुरू झालेलं असतं त्यांना तो सगळ्यात जास्त. गॅस चालू ठेवून विसरणं, तोच प्रश्न तासात तीनदा, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ, असं वर्षभरात दिसलं असेल तर लाजून लपवू नका, आत्ताच सांगा.

आता तुमच्या हातातलं काय. अमेरिकेत 1999 साली 852 वयस्कर रुग्णांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. त्यात एकही खास औषध नव्हतं. झोप, चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, लवकर हालचाल, आणि दिवस-वेळ-जागा यांची आठवण देत राहणं, एवढंच. भ्रमाचं प्रमाण 15 वरून 9.9 टक्क्यांवर आलं.

उपाशी ठेवण्याबद्दल. हलकं जेवण सहा तास आधी बंद, तळलेलं-तुपकट आठ तास आधी, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा जेवणात धरतात, पाण्यात नाही. ‘रात्री बारानंतर काही नाही’ म्हणून ठेवलं आणि नंबर दुपारी दोनला लागला, तर 14 तास कोरडी राहिलेली म्हातारी भ्रमाच्या दारातच उभी असते. भूलतज्ज्ञाला स्पष्ट विचारा, ‘पाणी कितीपर्यंत देऊ?’

झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल, तर ऑपरेशनच्या धांदलीत अचानक बंद झाल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास सुरू होतात आणि नाव भुलीचं होतं. पाकीटच दाखवा, किती आणि कधीपासून ते सांगा. उलट, आधी कधी घेत नसेल तर ‘झोप लागत नाही’ म्हणून नवीन सुरू करायला लावू नका. मशेरीचंही तेच. दोन-तीनदा लावणाऱ्या बाईला तंबाखू एकदम तुटली की चिडचिड, अस्वस्थता, झोप उडणं, सगळं येतं. चोरून आणून देऊ नका, पण डॉक्टरांना सांगा. निकोटिनच्या पट्टीसारखा पर्याय द्यायचा का ते ठरवतील.

अंगाला खाज किंवा मळमळ म्हणून एव्हिल, फेनर्गन ही इंजेक्शनं वॉर्डात सर्रास दिली जातात. या वयात ती अॅसिटिलकोलीन हे लक्ष आणि स्मृतीला लागणारं मेंदूतलं रसायन अडवून गोंधळ वाढवतात. दुसरं काही चालेल का, असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. दुखणं मात्र सहन करायला लावू नका, न दबलेलं दुखणं भ्रमाचं मोठं कारण आहे. जांघेजवळ सोनोग्राफीच्या मदतीने नसेभोवती बधिरतेचं औषध सोडता येतं, त्याने मॉर्फिन-ट्रॅमाडॉल कमी लागतं. ते ऑपरेशनआधीच, अगदी आजही देता येतं.

पहिल्या तीन रात्री सगळ्यात नाजूक. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन रात्री स्वप्नांची झोप जवळजवळ नाहीशी होते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री थकबाकी वसूल केल्यासारखी भरभरून येते. तेव्हा भडक स्वप्नं आणि ओरडून उठणं यांची तयारी ठेवा. रात्री 10 ते पहाटे 5 मोठा दिवा बंद, टीव्ही बंद, सोबतच्यांच्या मोबाइलचा आवाज बंद. दोनची गोळी बाराला किंवा पाचला हलवता येते का, विचारा. दिवसा पडदे उघडे, पाठ टेकून बसवलेलं, चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात. यंत्र नसेल तर ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला खुर्ची ठेवा. सोबतीला रोज नवा माणूस नको, दोघांनीच पाळी लावा. भ्रमात ‘मला माहेरी जायचंय, गाडी लागलीये’ म्हणाल्या तर ‘अहो, तुमचं माहेर कुठलं आता!’ असा वाद घालू नका. ‘आई, मी इथेच आहे. पायाचं ऑपरेशन झालंय, आज गुरुवार,’ एवढंच, सावकाश, समोर येऊन. हात बांधू देऊ नका, त्याने धडपड वाढते. लघवीची नळी लवकरात लवकर काढायला सांगा.

भ्रम अचानक वाढला तर ‘वय झालंय’ म्हणून बसू नका. लघवी तुंबणं, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं (बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हे फार होतं), ऑक्सिजन कमी होणं, न्यूमोनिया, यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. तोंड वाकडं, एका बाजूचा हात लुळा, बोलणं जड, किंवा हलवूनही नीट जाग येत नाही, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

आज रात्री एका कागदावर लिहून भूलतज्ज्ञाच्या हातात द्या: रोजच्या सगळ्या गोळ्या मात्रेसकट, झोपेची गोळी किती वर्षं, रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली, आधीच्या ऑपरेशनांत काही त्रास झाला होता का, ऐकू कोणत्या कानाने येतं, महिने उलटे कुठवर म्हणता आले, वर्षभरातलं विसरणं. आणि मशेरी दिवसातून किती वेळा, तेही. हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.